दहावं नाव

जळकोटच्या भीमनगरात एम.ए. झालेले चौघं होते. तिघं मराठीतले आणि चौथा, मच्छिंद्र कोतवालाचा प्रसेनजित, आंतरराष्ट्रीय राजकारणातला. मराठीतल्या तिघांचं पुढं काय व्हायचं ते वस्तीला ठाऊक होतं. चौथ्याच्या शिक्षणाचं काय करतात, हेच कुणाला उमगत नव्हतं. चावडीपाशी कुणी विचारलं की मच्छिंद्र सांगायचा, "देशादेशांची भांडणं असत्यात न्हवं? ती कशी मिटवायची, त्येचं शिक्षण हाय ते." ऐकणारा तंबाखू मळत म्हणायचा, "मग आदी आपल्या पाण्याचं मिटीव म्हणावं त्याला."

पाण्याचं भांडण होतंच. गावाची टाकी वरच्या आळीत आणि भीमनगर नळाच्या पार शेवटच्या टोकाला. वरच्या आळीतल्या मोटारी चालून, हौद भरून, गुरं धुऊन झाली की उरलेलं पाणी करंगळीएवढ्या धारेनं खाली यायचं, तेही तीन-चार दिवसांतून एकदा. प्रसेनजितची आई बनाबाई घागरीपाशी पोराला बसवून शेतावर जायची. घागर भरेपर्यंत त्याचा एक धडा पाठ व्हायचा. त्यामुळं पुढं विद्यापीठात शिवलिंगप्पा सरांनी फळ्यावर एक नदी काढली, तिच्यावर आडव्या दोन रेघा मारून तीन देश दाखवले आणि विचारलं, "वरच्या अंगाच्या देशानं धरण बांधलं आणि खालच्याचं पाणी तुटलं, तर न्याय कुणाच्या बाजूनं?" तेव्हा साऱ्या वर्गात प्रसेनजितच बोलला.

"ज्याच्या हातात वॉल्व्हची चावी, त्याच्या बाजूनं."

पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "हे पुस्तकात नाही. पण तू लिही."

त्यानं लिहिलं. नाईल नदीवरचं धरण, इथिओपिया आणि इजिप्त यांच्यातल्या बोलण्यांच्या फेऱ्या, कोण कुठल्या बैठकीतून उठून गेलं, कुणी कुणाच्या डोक्यावर हात ठेवला होता. जन्मात न पाहिलेल्या नदीवर त्यानं एकशेदहा पानं लिहिली. ती लिहिताना त्याला आतून गोड वाटायचं. आपल्या नळावरचं भांडण हे नुसतं आपल्या नळावरचं नाही, जगात त्याला नाव आहे, त्यावर परिषदा भरतात, हे कळल्यावर माणसाचा कणा थोडा ताठ होतो. तसा त्याचा झाला होता.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, जानेवारी २०१८ मध्ये, भीमा कोरेगावच्या प्रकारानंतर राज्यभर बंद झाला. जळकोट हमरस्त्यावरचं गाव. भीमनगरातली सगळी माणसं, बायाबापड्यांसकट, रस्त्यावर येऊन बसली. दुपारी कुठून तरी दगड आला, एसटीची पुढची काच फुटली आणि कंडक्टरच्या कपाळाला लागलं. प्रसेनजित त्या वेळी तिथून अडीचशे किलोमीटरवर, वसतिगृहाच्या खोलीत नाईलवरचं तिसरं प्रकरण लिहीत बसला होता. घरी फोन केला तेव्हा बाप म्हणाला, "तू तिकडंच ऱ्हा. परीक्षा झाल्याबिगर येऊ नगं." तो राहिला. गावात गुन्हा नोंद झाला, नऊ पोरांना नोटिसा देऊन सोडलं, आणि मग ते प्रकरण कुठल्याशा कपाटात चार वर्षं निजून राहिलं.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता सत्यभामा नावाच्या विधवा शेजारणीचा बुद्धघोष पोलीस भरतीत लागला. पेढे घेऊन तो सगळ्यात आधी मच्छिंद्रच्या दारात आला आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. प्रसेनजित तेव्हा एम.ए. संपवून घरीच होता. त्याला वाटलं, बाप नसलेलं पोरगं, रडणारच.

पुढं प्रसेनजित नेट पास झाला आणि जिल्ह्यातल्याच वाशीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागला. वर्गात सात पोरं, त्यातली चार कधीच न येणारी. पण त्याचं मन तिथं नव्हतं. शिवलिंगप्पा सरांनी त्याला हेग शहरातल्या एका विद्यापीठाचा पत्ता दिला होता. तिथं नद्यांच्या वाटपावर काम करणारी माणसं होती आणि आंतरराष्ट्रीय राजकारणात वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. सर म्हणाले, "तुझा एम.ए. इथला. आता एकदा तिथं बसून बघ. वरच्या अंगाची माणसं कशी बोलतात ते कळेल."

अर्जासोबत निबंध जोडायचा होता. प्रसेनजितनं तो नळापासून सुरू केला. घागर, आई, मोटारींचा घुंऽऽ आवाज, आणि मग नाईल. शेवटचं वाक्य त्यानं असं लिहिलं: चावी एकाच्याच हातात असली तरी करार होऊ शकतो, कारण तहान दोन्ही काठांना लागते. २०२२ च्या मार्चमध्ये उत्तर आलं. प्रवेश दिला आहे, फक्त इंग्रजीची एक परीक्षा देऊन गुण कळवावेत. निबंध वाचणाऱ्या बाईंनी खाली स्वतंत्र दोन ओळी लिहिल्या होत्या, की तुमच्या आईला आमचा नमस्कार सांगा.

बनाबाईला तो नमस्कार सांगितला तर ती म्हणाली, "माझं नाव गेलं व्हय तिथवर?" आणि पदरानं तोंड पुसत चुलीकडं वळली. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज त्यानं भरून ठेवला. सगळं एका कागदावर अडलं होतं. त्या इंग्रजीच्या परीक्षेला ओळख म्हणून पासपोर्टच लागत होता, आणि मच्छिंद्र सरवदेच्या घराण्यात पासपोर्ट कुणी बघितलेला नव्हता.

अर्ज केला. तीन आठवड्यांनी पोलीस ठाण्यातून फोन आला.

"प्रसेनजित मच्छिंद्र सरवदे का? तुमच्यावर गुन्हा हाय की."

"कसला गुन्हा?"

"दंगलीचा. सरकारी मालमत्तेचं नुकसान. कोर्टात दोषारोपपत्र गेलंय मागच्याच डिसेंबरात. तुम्हाला फरारी दाखिवलंय त्यात. जामीन घ्या आदी, मग पासपोर्टाचं बघू."

प्रसेनजितला आधी वाटलं, नावाचा घोटाळा असेल. फरारी! सरकारी वसतिगृहात राहिलेला, सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकलेला, सरकारी परीक्षा पास झालेला माणूस चार वर्षं फरारी कसा असेल? तो तसाच तालुक्याला रुद्रेश वकिलाकडं गेला. रुद्रेश त्याच्याबरोबर बी.ए.ला होता, नंतर वकिलीकडं वळला होता. कोर्टासमोर पत्र्याच्या खोलीत त्याची बैठक. आठवडाभरानं त्यानं कागदांच्या नकला काढल्या आणि फोन करून बोलावलं. प्रसेनजित गेल्यावर त्यानं नकला पुढं सरकवल्या आणि चहा सांगायला म्हणून बाहेर निघून गेला.

पंचनामा, एसटीच्या काचेचं मोजमाप, कंडक्टरचा जबाब. मग साक्षीदार क्रमांक चार. मच्छिंद्र सरवदे, धंदा कोतवाल. 'सदर जमावातील खालील इसमांना मी स्वतः पाहिले असून त्यांना नावानिशी ओळखतो.' खाली नऊ नावं. दहावं नाव, 'माझा मुलगा नामे प्रसेनजित'. त्याखाली बापाची सही. म वर रेघ जास्त लांब ओढायची त्याची सवय होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तीच सही असायची.

जळकोटला तो दुपारी उतरला. मच्छिंद्र दारात बाजेची नवार ताणत बसला होता. एक पाय लाकडाला लावून ओढत होता.

"बाबा, साक्षीदार नंबर चार कोण हाय?"

मच्छिंद्रचा हात थांबला. नवार सुटून ढिली पडली. त्यानं पोराकडं बघितलं नाही.

"बस," तो म्हणाला.

"मी बसायला आलो न्हाय."

"मग हुभा ऱ्हा. पर ऐक." मच्छिंद्रनं नवारीचं टोक हातातच धरलं होतं. "ठाण्यातला जमादार आला हुता. म्हणला, सायबाला धा नावं पायजेत. न्हाय दिली तर वस्तीत गाडी घालतो अन् जो सापडंल त्यो उचलतो. नऊ पोरं तर त्येंच्या मोबायलातल्या फोटूतच हुती, ती काय माझ्या हातात न्हवती. धाव्या जागी त्यो बुद्धघोषाचं नाव घालत हुता. त्येच्या भरतीचा अर्ज गेल्याला. नाव लागलं असतं तर संपलंच हुतं पोरगं."

"मग माझं घातलं."

"तू हितं न्हवतास. तुज्याकडं कागद हुता. कालेजाची हजेरी, वसतिगृहाची सही. म्या म्हणलं, उद्या हजेरी दाखिवली की सुटला. बुद्धघोषाकडं काय हुतं? नुसती आई हुती."

प्रसेनजितला हसू आलं. वाईट हसू. "त्या दिवशी बंद होता, बाबा. विद्यापीठसुद्धा बंद. हजेरी कोण घेणार? मेस बंद, ऑफिस बंद. त्या एका दिवसाचा माझ्याकडं एकही कागद न्हाय."

मच्छिंद्रनं नवारीचं टोक हातातनं सोडलं. तीस वर्षं तलाठ्याच्या हाताखाली कागद वाहिलेला माणूस. बंदच्या दिवशी कागदही बंद असतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अन् समन्स? डिसेंबरात आलं असंल की."

"आलं हुतं. माझ्याच हातात दिलं शिपायानं. म्या सांगितलं, पोरगा हितं ऱ्हात न्हाय, पत्ता ठावं न्हाय. तू अर्ज लिहीत हुतास त्या वक्ताला. म्हणलं, पोराचं चित्त कशाला हलवा."

"म्हणून मी फरारी." प्रसेनजितचा आवाज चढला. "बाकी नऊ जणांना ठाऊक होतं?"

"व्हय. माझ्या तोंडाकडं बघून बोलली न्हायती."

"मला विचारायचं तरी एकदा."

आता मच्छिंद्रनं पहिल्यांदा वर बघितलं. "इचारलं असतं, तर तू व्हय म्हणला असतास?"

प्रसेनजितला ते ठाऊकच नव्हतं. कदाचित म्हणाला असता. विद्यापीठात चळवळीच्या सभा त्यानं ऐकल्या होत्या, घोषणा दिल्या होत्या. कदाचित मोठ्या मनानं म्हणाला असता, की द्या माझं नाव. पण ते मोठं मन दाखवायची वेळच बापानं त्याच्यावर येऊ दिली नाही. त्याग त्याच्याकडून परस्पर करून घेतला गेला होता आणि तो आपला म्हणायचीही सोय नव्हती. बनाबाई आतून हे सगळं ऐकत होती. ती बाहेर आली नाही.

जामीन झाला. पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी मागणारा अर्ज रुद्रेशनं टाकला. सरकारी वकील म्हणाले, आरोपी आधीच फरारी होता, परदेशात गेला तर परत येईल याची खात्री काय? पुढची तारीख. मग साहेब रजेवर. मग कागद वरून यायचे होते. प्रसेनजित दर तारखेला वाशीहून यायचा आणि नऊ पोरांच्या रांगेत दहावा म्हणून उभा राहायचा. त्यातला एक पंक्चरचं दुकान चालवायचा, दोघं ऊसतोडीला जायचे, एक जण गवंड्याच्या हाताखाली होता. ते त्याला 'सर' म्हणायचे. नाव पुकारलं की तोही सगळ्यांसारखाच हात वर करायचा. पंक्चरवाल्यानं एकदा विचारलं, "सर, तुमच्या त्या पुस्तकात असं कायबाय हाय का, की जो हजर न्हवता त्यालाबी धरत्यात?" प्रसेनजित म्हणाला, "हाय. पण तिथं त्याला युद्ध म्हणतात."

ऑगस्ट गेला. विद्यापीठानं एक वर्ष जागा राखून ठेवली. दुसरा ऑगस्टही गेला. मग दोन ओळींचा सभ्य मेल आला, की आपला प्रवेश रद्द समजावा, पुन्हा अर्ज केल्यास आनंद वाटेल. या वेळी आईला नमस्कार नव्हता.

ते सगळं वस्तीत पसरल्यावर एका सकाळी सत्यभामा आली. डब्यात शेंगांच्या पोळ्या होत्या. पोरगा आता हवालदार व्हायच्या वाटेवर, बाईच्या अंगावर बरं लुगडं. ती प्रसेनजितच्या पायाकडं वाकायला लागली तसा तो मागं सरला.

"काकू, असं करू नका."

"लेकरा, तुजं उपकार म्या..."

"मी काही दिलं न्हाय, काकू. माझ्याकडून घेतलंय. देणारा आत बसलाय, त्याला सांगा."

बाई डबा उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. असं बोलायला नको होतं हे त्याला तोंडातून शब्द बाहेर पडतानाच कळलं होतं, तरी त्यानं ते अडवले नाहीत. त्या दिवसापासून भीमनगरात त्याच्याबद्दल बोलताना माणसं जरा जपून बोलू लागली. बाप देवमाणूस आणि पोरगं शिकून कडू झालं, असं ठरून गेलं.

खटला उभा राहिला तो २०२४ मध्ये. कंडक्टर म्हणाला, दगड कुणी मारला दिसलं नाही. मग चौथा साक्षीदार. मच्छिंद्र धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी अशा थाटात पिंजऱ्यात गेला. समोर आरोपींच्या बाकावर शेवटी त्याचा मुलगा.

"तुमचा मुलगा जमावात होता?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"न्हवता."

"मग या जबाबात नाव कसं?"

"जबाब माझा न्हाय."

"सही तुमची आहे?"

"सही माझी हाय."

"सही तुमची आणि जबाब तुमचा नाही?"

"सायब, तीस वर्षं म्या सह्याच केल्या. कागद वाचाया कोण देतंय?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसलं. साक्षीदार फितूर झाला अशी नोंद झाली. प्रसेनजित बापाच्या तोंडाकडं बघत होता. मुलगा नव्हता हे खरं आणि जबाब माझा नाही हे खोटं. दोन्ही बापानं एकाच दमात, एकाच आवाजात सांगितलं होतं. ते ऐकून त्याला कृतज्ञता वाटायला हवी होती. त्याच्या मनात आलं ते एवढंच, की हे बापाला किती सहज जमतं.

दहाही जण सुटले. निकाल वाचायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाहेर पोरांनी गुलाल आणला होता. प्रसेनजितनं कपाळाला लावून घेतला आणि वाशीची गाडी धरली. मच्छिंद्रला मात्र महिन्याभरात खुलाशाची नोटीस आली. आधी एक जबाब, मग दुसरा, खरा कुठला? खुलासा काय द्यायचा हे त्याला सुचलं नाही. निवृत्तीला चार महिने उरले होते, तेवढे त्याला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. निरोपाचा नारळ झाला नाही, की शाल झाली नाही. कोतवालकीचा बिल्ला त्यानं तलाठ्याच्या टेबलावर ठेवला आणि चालत घरी आला.

पासपोर्ट पुढच्या वर्षी पोस्टानं आला. शिवलिंगप्पा सर निवृत्त झाले होते, तरी त्यांनी फोन करून सांगितलं, "वय गेलेलं नाही. पुन्हा लिही." प्रसेनजित लिहायला बसला. जुनाच निबंध पुढं घेतला. नळ, घागर, आई, नाईल, सगळं ठीक होतं. शेवटच्या वाक्यापाशी येऊन तो थांबला. दोन्ही काठांना तहान लागते, हे वाक्य त्याला आता लिहिता येईना. खोडून दुसरं लिहिलं, तेही खोटं वाटलं. चार दिवस तो त्या एका वाक्याशी बसला. पाचव्या दिवशी वर्गावर जायचं होतं. अर्जाची तारीख निघून गेली आणि त्यानं सरांना ते कळवलंही नाही.

आता तो वाशीतच खोली करून राहतो. तासिका तत्त्व सुटलेलं नाही. वर्गात कधी पाच, कधी तीन पोरं असतात. तो चांगलं शिकवतो असं पोरं म्हणतात, फक्त करारांचा धडा आला की फार भरभर पळवतो. महिन्यातून एक रविवार गावाकडं येतो. बापलेकांचं बोलणं तुटलं असं कुणी म्हणणार नाही. मच्छिंद्र वाचनालयातून पेपर आणतो आणि आतलं परदेशाचं पान घडी करून ठेवतो. पोरगा जेवायला बसला की समोर बसून विचारतो. दुसरा कुठलाच विषय दोघांत चालत नाही.

मागच्या रविवारीही असंच झालं. बनाबाईनं भाकरी आणि येसराची आमटी वाढली.

"ते युक्रेनचं थांबलं का?" मच्छिंद्रनं विचारलं.

"न्हाय. चालूच हाय."

"बोलणी व्हनार म्हणून छापलंय की."

"छापतात. होतात असं न्हाय."

मच्छिंद्र पेपराकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या त्या शास्त्रात काय म्हणत्यात? दोघांत आदी कुणी बोलायचं असतं?"

बनाबाईचा हात परातीवर थांबला. प्रसेनजितनं घास चावून खाली उतरू दिला.

"ज्याचं कमी गेलंय, त्यानं," तो म्हणाला.

कुणाचं कमी गेलं, याचा मच्छिंद्र हिशेब लावत असावा, पण तो त्याच्याच्यानं लागत नव्हता. बनाबाईनं न विचारता पोराच्या ताटात अर्धी भाकरी टाकली. मच्छिंद्रनं पेपराचं पान उलटलं आणि बाजारभाव वाचू लागला. प्रसेनजितनं हात धुतले, पिशवी खांद्याला लावली आणि चारच्या गाडीसाठी हमरस्त्याकडं निघाला.